बाबांची इंजिनांची वही

दिवाळीच्या साफसफाईत दरवर्षी माळ्यावरून काहीतरी निघतं. यंदा एका ट्रंकेतून शंभर पानी वही निघाली. पुठ्ठा गेलेला, आत पेन्सिलीनं आखलेले तीन रकाने. वर शीर्षकं: ‘मोठी’, ‘मधली’, ‘बारकी’. खाली नुसते आकडे आणि तारखा, साल १९७८. मला वाटलं दुधाचा हिशेब असेल. बाबा म्हणाले, "हिशेबच आहे. इंजिनांचा."

बाबा तेव्हा अकरा वर्षांचे होते आणि मिरजेच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये राहायचे. शाळा सुटली की स्टेशनात जायचं आणि येणाऱ्या-जाणाऱ्या इंजिनांचे नंबर लिहायचे, हा त्यांचा उद्योग. इंग्लंडात या उद्योगाला ट्रेनस्पॉटिंग म्हणतात. तिथे १९४२ साली इयन ॲलन नावाच्या रेल्वेतल्या एका तरुण कारकुनानं इंजिनांच्या नंबरांची छोटी पुस्तिका काढली आणि फलाटाफलाटावर वह्या घेतलेली पोरं दिसायला लागली. बाबांना याचा काहीच पत्ता नव्हता. त्यांनी आपलं खूळ स्वतःच शोधून काढलं होतं.

आता हे तीन रकाने काय? तर त्या काळी मिरज हे देशातलं एक दुर्मिळ जंक्शन होतं. एकाच स्टेशनात ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज अशा तिन्ही मापांचे रूळ. पुणे–मिरज–कोल्हापूर मार्ग आधी मीटरगेज होता, तो १९७१ साली ब्रॉडगेज झाला, ती ‘मोठी’. मिरजेहून बेळगाव, लोंढा, हुबळीकडे जाणारी मीटरगेज तशीच राहिली, ती ‘मधली’. त्यामुळे मुंबईहून रेल्वेनं गोव्याला जाणाऱ्या माणसाला मिरजेला उतरून गाडी बदलावी लागे. माणसं निदान स्वतःच्या पायांनी चालत जातात. मालाचं काय? एका मापाच्या वाघिणीतली पोती हमाल पाठीवर घेऊन दुसऱ्या मापाच्या वाघिणीत टाकायचे. दोन सिस्टिम्सचे फॉरमॅट जुळत नाहीत म्हणून मधे माणूस बसवायचा, हा प्रकार आमच्या ऑफिसातही चालतो, फक्त पोती नसतात.

‘बारकी’ म्हणजे बार्शी लाइट रेल्वे, जेमतेम अडीच फूट रुंदीची. तिची गोष्ट मला या सगळ्यात जास्त आवडली. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं ती बांधली. बार्शी रोड (म्हणजे आजचं कुर्डुवाडी) ते बार्शी हा पहिला तुकडा १८९७ साली सुरू झाला. कॅल्थ्रॉपचं डोकं असं की कुठल्याही चाकाच्या जोडीवर पाच टनांपेक्षा जास्त भार यायचा नाही, मग ती इंजिनाची असो वा वाघिणीची. हा एकच नियम पाळला की रूळ हलके चालतात, पूल हलके चालतात, आणि सगळं स्वस्तात होतं. पुढे ती १९०६ ला पंढरपूरला, १९११ ला लातूरला आणि १९२७ ला मिरजेला पोचली. वारकऱ्यांनी भरून वाहिली. १९५४ साली सरकारनं ती विकत घेतली, लोक मात्र बार्शी लाइटच म्हणत राहिले. (याच कॅल्थ्रॉपनं पहिल्या महायुद्धाच्या सुमाराला वैमानिकांसाठी पॅराशूट तयार केलं. काही माणसांना रविवारीसुद्धा स्वस्थ बसवत नाही.)

वहीतल्या नंबरांच्या आधी अक्षरं आहेत. तीही बाबांनीच उलगडून सांगितली. डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, वाय म्हणजे मीटरगेज, झेड म्हणजे अडीच फुटी. पुढचं अक्षर कामाचं: पी पॅसेंजरचं, जी मालगाडीचं. म्हणजे वायपी हे मीटरगेजचं पॅसेंजर इंजिन. वायपी आणि वायजी जातीची बरीच इंजिनं जमशेदपूरला टेल्कोनं बनवली. टेल्को म्हणजे आजची टाटा मोटर्स! ब्रॉडगेजचं शेवटचं वाफेचं इंजिन १९७० साली चित्तरंजनला बनलं, त्याचं नावच ‘अंतिम सितारा’. आपल्याकडे कोळसा होता आणि तेल बाहेरून आणावं लागे, म्हणून बाकीच्या जगाच्या मानानं वाफ इथे उशिरापर्यंत टिकली. ब्रॉडगेजवरची नियमित वाफेची गाडी १९९५ पर्यंत पंजाबात धावत होती. म्हणजे माझं हे इंजिन अगदी थोडक्यात चुकलं. मी वाफेचं इंजिन पाहिलं ते कोथरूडला, जोशींच्या छोट्या रेल्वेच्या संग्रहालयात, काचेआड.

वही सापडल्यावर मी वीकेंडभर वाफेचं इंजिन चालतं कसं ते वाचत बसलो. सिलिंडरमध्ये काम उरकलेली वाफ धुराड्यातून वर सोडतात. ती वर जाताना भट्टीतून हवा ओढून घेते. चढ लागला, ड्रायव्हरनं जास्त वाफ दिली, की धुराड्यातला झोत वाढतो, हवेची ओढ वाढते, आग जास्त पेटते आणि वाफ जास्त बनते. गरज असेल तेवढा पुरवठा, एकही सेन्सर नाही! याला आम्ही ऑटोस्केलिंग म्हणतो आणि त्यावर चाळीस स्लाइड्स दाखवतो. आपण ज्याला झुकझुक म्हणतो तो याच झोताचा आवाज. दोन सिलिंडरच्या इंजिनात चाकाच्या एका फेरीला चार झोत.

एक गोष्ट मात्र आपोआप होत नाही. कोळसा. तो कोणीतरी फावड्यानं टाकायचा असतो. आणि ते ‘कोणीतरी’ म्हणजे माझे आजोबा. मिरजेच्या शेडमध्ये मीटरगेजवर फायरमन.

इंजिनावर तिघं असत. ड्रायव्हर, पहिला फायरमन आणि दुसरा फायरमन. दुसऱ्यानं टेंडरमधला कोळसा फोडून पुढे ओढायचा, पहिल्यानं भट्टीत टाकायचा. नुसता ओतायचा नाही, भट्टीभर पातळ थर बसेल असा थोडा थोडा फेकायचा. तोही हलत्या लोखंडी फळीवर उभं राहून, समोर भट्टीचं तोंड उघडं. आपल्या कोळशात राख भरपूर, त्यामुळे आग सारखी झाडावी लागे. एका फेरीत दोनेक टन हाताखालून जातो, असं आजोबा सांगायचे. इंटरनेटवर इंजिनांचे जे फोटो लोकांना आवडतात, काळ्याभोर धुराचे, ते त्यांना दाखवायला हवे होते. काळा धूर म्हणजे न जळलेला कोळसा, म्हणजे चुकलेला फायरमन.

आजोबा गेले तेव्हा मी दहावीत होतो. त्यांच्या उजव्या हातावर कोपरापर्यंत बारीक डाग होते. मी लहानपणी विचारलं होतं, इंजिन कसं असायचं हो आजोबा? "काय असायचं? उन्हाळ्यात बी उन्हाळा, पावसाळ्यात बी उन्हाळा." बस्स. बाबांनी रेल्वेत जायचं नाव काढलं तेव्हा त्यांनी दोन दिवस घरात कुणाशी बोलणं टाकलं होतं, असं आजी सांगायची.

तर मी ही वही एक्सेलमध्ये चढवायला घेतली. चढवता चढवता लक्षात आलं की मधल्या रकान्यातल्या काही नंबरांभोवती गोल आहेत आणि बहुतेक गोलांपुढे दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशीच्या तारखेची बरोबरची खूण आहे. मोठी आणि बारकीत गोल एकही नाही. बाबांना फोन लावला. ते जरा वेळ काही बोललेच नाहीत.

"गोल म्हणजे अण्णा त्या इंजिनावर गेले."

"आणि खूण?"

"इंजिन परत आलं की."

अण्णा बहुतेकदा त्याच इंजिनावर परतत. म्हणून बाबा फलाटाच्या टोकाला उभे राहायचे, लांबून नंबर वाचायचे आणि धावत घरी जाऊन सांगायचे, पाणी तापवायला ठेव. बाकीचे नंबर का लिहायचे मग? "उगाच. तिथं उभा आहे तर काय करू?"

१९७९ च्या पावसाळ्यातल्या एका पानावर गोल आहे आणि पुढे काहीच नाही. मी त्याबद्दलही विचारलं. त्या वेळी पाऊस चार दिवस लागून होता, गाड्या वाटेत अडकल्या होत्या, कुणाला काही कळत नव्हतं. बाबा दोन दिवस शाळेत न जाता इंजिनांना पाणी भरायच्या सोंडेजवळ बसून होते. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी गाडी आली. नंबर दुसराच होता म्हणून त्यांनी वर बघितलंसुद्धा नाही. मागून डोक्यात टपली बसली, "घरी चल, भिजशील."

"मग खूण का नाही केली?" मी विचारलं.

"ते इंजिन कुठं आलं होतं?" बाबा म्हणाले. "खोटी खूण कशी करणार?"

एक्सेलमध्ये तो चौकोन मी रिकामाच ठेवलाय.