एका तरुण धर्मप्रचारकाची रोजनिशी व उत्तरकालीन आठवण

न्यायशास्त्रांत ज्ञानाचे अनुभव व स्मृति असे दोन भेद केले असून प्रमा ही संज्ञा यथार्थ अनुभवासच दिली आहे, स्मृतीस नाहीं. इतिहाससाधनांची परीक्षा करतांना हा भेद ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. रोजनिशी त्या त्या दिवशीं लिहिली जाते. पुढें काय होणार, हें लिहिणारास ठाऊक नसतें. आठवण मात्र फलश्रुति कळल्यावर सांगितली जाते. एकाच पुरुषाच्या एकाच कालखंडाविषयीं हीं दोन्ही साधनें हातीं आलीं, म्हणजे त्यांतील अंतर नीट मोजतां येतें. अमेरिकेंतील मॉर्मन पंथाचे सहावे अध्यक्ष जोसेफ एफ्. स्मिथ (१८३८–१९१८) यांनीं तरुणपणीं हवाई बेटांत केलेल्या धर्मप्रचाराचें उदाहरण या दृष्टीनें घेण्यासारखें आहे. याच पंथाचा ह्यू फिंडले हा प्रचारक १८५२ सालीं मुंबईस आला व पुढें पुण्यांतहि त्यानें कार्य केलें; तेव्हां हा विषय आपल्या अभ्यासकांस अगदींच परका नव्हे.

स्मिथ हे पंथसंस्थापकाचे पुतणे. त्यांचे वडील हायरम हे आपल्या बंधूसह २७ जून १८४४ रोजीं कार्थेज येथील तुरुंगांत जमावाच्या गोळ्यांनीं मारले गेले. आई १८५२ सालीं वारली. १८५४ च्या एप्रिलांत सॉल्ट लेक सिटी येथील अधिवेशनांत प्रचारकार्यासाठीं त्यांचें नांव पुकारण्यांत आलें, तेव्हां त्यांस सोळावें वर्ष चालू होतें. या पंथांत प्रचारकास वेतन नसतें. वाटेंत कॅलिफोर्नियांत मजुरी करून त्यांनीं जहाजाच्या भाड्याची तजवीज केली व सप्टेंबरांत होनोलुलु गांठलें.

तेथून त्यांस मावी बेटावरील कुला या भागांत पाठविलें. प्रथम तापानें ते अंथरुणास खिळले. एका हवाई स्त्रीनें आईप्रमाणें त्यांची शुश्रूषा केली. लोकांत राहून कांहीं महिन्यांतच ते त्यांच्या भाषेंत उपदेश करूं लागले. पुढें मावी, हिलो, कोहाला व मोलोकाई असे एकामागून एक विभाग त्यांच्याकडे आले. राहणें गवतानें शाकारलेल्या घरांत. अन्न म्हणजे अळूच्या जातीच्या कंदाची लापशी, जिला तेथें पोई म्हणतात. प्रवास बहुधा पायीं. सभा भरविणें, बाप्तिस्मा देणें, तंटे मिटविणें, आजाऱ्यांसाठीं प्रार्थना करणें, आणि मधल्या वेळांत कपडे धुणें, वाचन व घरीं पत्रें लिहिणें, असा हा दिनक्रम होता. पंथाच्या मुख्य ग्रंथाचें जॉर्ज क्यू. कॅनन यांनीं केलेलें हवाई भाषांतर १८५५ सालीं सॅन फ्रान्सिस्को येथें छापलें गेलें.

१८५६ सालीं लानाई बेटावर पंथाची वसाहत होती, तेथील एका घरास आग लागून स्मिथ यांची पेटी जळाली. तींत कपडे व पुस्तकें यांबरोबर आरंभींच्या रोजनिशाहि गेल्या. वस्त्रांअभावीं ते व त्यांचा सोबती एकच पोशाख आळीपाळीनें वापरीत व एक सभेस गेला म्हणजे दुसरा अंथरुणांत राही, अशी कथा परंपरेनें चालत आली आहे. १८५६–५७ च्या रोजनिशा मात्र उरल्या व २०११ सालीं छापून प्रसिद्ध झाल्या.

या रोजनिशांतला तरुण चरित्रग्रंथांतल्या साधुपुरुषाहून निराळा आहे. तो कंटाळतो, चिडतो, घरच्या पत्राची वाट पाहतो. ज्यांच्या अन्नावर तो राहतो, त्या हवाई लोकांच्या अस्वच्छतेविषयीं व चंचलपणाविषयीं कठोर शब्द लिहितो. या शब्दांवरून त्या लोकांची पारख करणें मात्र चुकीचें ठरेल. लाहाइनालुना येथील विद्यालय १८३१ पासून चालू होतें. संपूर्ण बायबल १८३९ पर्यंत हवाई भाषेंत आलें होतें. आणि १८५३ च्या देवीच्या सांथींत हजारों माणसें मेलीं होतीं. अशा शोकग्रस्त, परंतु साक्षर समाजाविषयीं तो मुलगा लिहीत होता. रोजनिशी त्याच्या मनाची उत्तम साक्ष देते. त्याच्या यजमानांची तशी देत नाहीं.

आतां आठवण पाहूं. १९१८ च्या एप्रिलांत, मृत्यूपूर्वीं सात महिने, स्मिथ यांनीं या प्रवासांत पडलेलें एक स्वप्न जाहीरपणें सांगितलें. आपण दरिद्री, निराधार व लाजेनें खचलेले होतों. स्वप्नांत घाईनें जातांना एका मोठ्या वाड्याशीं पोंचलों, स्नान केलें, बोचक्यांतील शुभ्र वस्त्रें नेसलों. दारीं काकांनीं उशीर झाल्याचें म्हटलें, तेव्हां आपण स्वच्छ आहों असें उत्तर दिलें. त्या दिवसापासून भीति गेली, असा तिचा सारांश. ही कथा ऐकणारास रोजनिशींतील चिडखोर मजकूर खोटा वाटेल. रोजनिशी वाचणारास स्वप्न मागाहून रचलेलें वाटेल. दोन्ही निष्कर्ष घाईचे आहेत. भीति गेली म्हणून कंटाळा जातोच असें नाहीं. श्रद्धा असूनहि मनुष्य रागावतो, आणि रागावूनहि तो दुसऱ्या दिवशीं सभेस उभा राहतो. तीन वर्षें तो टिकला, ही गोष्ट दोन्ही साधनांस मान्य आहे. १८५७ सालीं यूटाशीं अमेरिकन सरकारचा संघर्ष उद्भवला, तेव्हां बोलावणें आल्यावरच तो परतला.

तात्पर्य, घटनेची मिति व कथनाची मिति या दोन्ही नोंदविल्यावांचून धार्मिक पुरुषाच्या चरित्रास हात घालूं नये. दफ्तरें बाळगणाऱ्या मंडळींस एक विनंति करावीशी वाटते. आपल्या पूर्वजांच्या यात्रावृत्तांत किंवा रोजनिशींत उणे शब्द आढळले, तर तीं पानें कुलाभिमानापायीं वेगळीं काढूं नयेत. आगीनें घेतलेलीं पानें परत येत नाहींत. माणसाच्या हातानें काढलेलींहि येत नाहींत. त्या उण्या शब्दांवांचून श्रद्धेची किंमत किती पडली होती, हें पुढील पिढीस कळणार नाहीं.