कऱ्हेकाठची राख

बारामती-इंदापूरचा इतिहास लिहू पाहणारा मनुष्य स्वाभाविकपणे दप्तरे चाळतो, भोसल्यांच्या सुपे परगण्याच्या जहागिरीपासून प्रारंभ करतो आणि मोरोपंतांच्या बारामतीतील वास्तव्यापाशी घटकाभर रेंगाळतो; परंतु ज्या काळ्या पाषाणावर ही सारी वहिवाट उभी आहे, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या तप्त लाव्ह्याचा आहे. येथे मुलांना डायनोसॉरच्या खुणा दाखवू इच्छिणाऱ्या पित्याची म्हणूनच निराशा ठरलेली, कारण तापलेला लाव्हा अस्थी सहसा जतन करीत नाही. त्यासाठी चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा गाठावे लागते, जेथे लाव्ह्याखालच्या लॅमेटा थरांत त्या अजस्र शाकाहाऱ्यांची हाडे सापडली, आणि शिळारूप झालेली विष्ठाही. हिच्यातच २००५ साली गवताचे सूक्ष्म अंश ओळखले गेले आणि डायनोसॉरांच्या काळी गवत नव्हते, हा शास्त्रज्ञांचा समज मोडीत निघाला. विष्ठेने पंडितांचे मत फिरवावे, याची मला मोठी मौज वाटते!

तथापि मोरगावच्या मयूरेश्वराचे दर्शन घेऊन कऱ्हेच्या पात्राकडे वळणाऱ्या कुटुंबासही पाहण्याजोगे काही आहे. तेथील गाळात ज्वालामुखीची बारीक राख आढळते. ती सह्याद्रीची नव्हे, तर तीन हजारांहून अधिक किलोमीटर दूर, सुमात्रा बेटावरील टोबाची. ती सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वीची की त्याहून कितीतरी प्राचीन, याचा निवाडा विद्वानांत अद्याप लागलेला नाही. त्याच परिसरात आदिमानवाच्या दगडी हातकुऱ्हाडीही मिळाल्या आहेत.