पोर्टलवर ६७ हजार, कोटेशनमध्ये सव्वा लाख : छतावरच्या सोलरचा हिशेब का जुळत नाही?

भोपाळ : घरावर ३ किलोवॅटचं सोलर बसवायचं ठरलं की कोणीतरी आधी मोबाइलवर कॅल्क्युलेटर उघडतं. सरकारी बेंचमार्क धरला तर खर्च १ लाख ४५ हजार, अनुदान ७८ हजार, म्हणजे खिशातून ६७ हजार. मग वेंडर येतो, गच्ची बघतो आणि समजा २ लाखांचं कोटेशन देऊन जातो. अनुदान वजा केलं तरी १ लाख २२ हजार उरतात. पहिला संशय वेंडरवरच जातो. कधी तो खराही असतो. पण बऱ्याचदा दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर असतात, कारण ते वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत.

आधी पहिला आकडा. केंद्राची ‘पीएम सूर्यघर : मुफ्त बिजली योजना’ फेब्रुवारी २०२४ मध्ये आली. तिच्यात पहिल्या २ किलोवॅटसाठी किलोवॅटमागे ५० हजार आणि तिसऱ्यासाठी ४५ हजार असा बेंचमार्क धरला आहे. पहिल्या दोनवर ६० टक्के, तिसऱ्यावर ४० टक्के अनुदान. म्हणून १ किलोवॅटला ३० हजार, २ ला ६० हजार आणि ३ ला ७८ हजार. त्याच्या पुढे कितीही मोठं सोलर बसवा, अनुदान ७८ हजारांवरच थांबतं. हा बेंचमार्क अनुदान ठरवण्यासाठी काढलेला आहे. त्या भावात बसवून द्यायला कुठलाही वेंडर बांधील नाही.

दुसरं म्हणजे पॅनल कोणतं. अनुदान हवं असेल तर पॅनल आणि त्यातला सेल दोन्ही देशात बनलेले लागतात. बाजारात त्याला ‘डीसीआर’ पॅनल म्हणतात. ते बिगर-डीसीआर पॅनलपेक्षा महाग पडतं. खाजगी तुलना साइटवर दिसणारा स्वस्त आकडा पुष्कळदा बिगर-डीसीआरचा असतो, आणि त्याखाली ‘अनुदान वजा जाता’ असंही लिहिलेलं असतं. या दोन गोष्टी एकत्र बसत नाहीत. त्यामुळे कोटेशन महाग दिसलं तर एकदा विचारावं, पण फारच स्वस्त दिसलं तर दोनदा विचारावं. कागदावर ‘डीसीआर’ हा शब्द आणि कंपनीचं नाव नसेल तर ते कोटेशन अर्धवट आहे.

कराचाही गोंधळ आहे. सोलरच्या सामानावर आधी १२ टक्के जीएसटी होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ५ टक्के झाला. बसवून देण्याच्या कंत्राटात ७० टक्के रक्कम सामानाची आणि ३० टक्के सेवेची धरतात. सेवेवर १८ टक्के आहे. म्हणजे एकूण कर पूर्वी १३.८ टक्के पडायचा, आता ८.९ टक्के पडतो. करापूर्वीची किंमत १ लाख ८० हजार असेल तर ८,८२० रुपयांचा फरक झाला. जुन्या दराने छापलेलं कोटेशन कोणी पुढे सरकवलं तर हे गणित समोर मांडावं.

गच्ची काय म्हणते

खरा फरक गच्चीवर पडतो. कॅल्क्युलेटर सपाट, मोकळ्या, सावली नसलेल्या छताचा विचार करतो आणि पॅनल जवळजवळ जमिनीलगत टेकवतो. मराठी घरांत गच्ची म्हणजे वाळवणाची जागा. कुरडया, पापड, सांडगे, उन्हाळ्यात झोपणं, पाण्याची टाकी, कपड्यांच्या दोऱ्या सगळं तिथंच. ‘खालून चालता आलं पाहिजे’ असं सांगितलं की सात-आठ फूट उंच स्ट्रक्चर लागतं. लोखंड वाढतं, पाया भक्कम करावा लागतो, वाऱ्याचा जोर सोसेल असे पाइप घ्यावे लागतात. ही वाढ कोणत्याच कॅल्क्युलेटरमध्ये नसते. वेंडरने स्ट्रक्चरची उंची आणि पाइपचं गॅल्व्हनायझिंग लिहून दिलं नसेल तर दोन कोटेशनांची तुलनाच होत नाही. एक जण अडीच फुटांचं देतोय आणि दुसरा आठ फुटांचं.

जागाही लागते. १ किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट बिनसावलीची जागा धरतात. जुन्या वस्त्यांत शेजाऱ्याने एक मजला चढवला की दुपारनंतर सावली येते, आणि एका पॅनलवरची सावली त्याच ओळीतल्या बाकी पॅनलनाही मागे ओढते. उपाय आहेत, पण त्यांचे वेगळे पैसे. शिवाय गच्चीपासून मीटरपर्यंतची केबल, वीजरोधक आणि अर्थिंगचे खड्डे. भोपाळच्या टेकड्यांवरच्या वस्त्यांत खडक लागला की खड्डा खोदणं महागात जातं.

आता पॅनल मोजावेत. हे काम कोणी करत नाही आणि करायला हवं. ५४० वॅटचे ५ पॅनल म्हणजे २.७ किलोवॅट. इन्व्हर्टर ३ किलोवॅटचा असला की कोटेशनच्या डोक्यावर ‘३ किलोवॅट’ छापलं जातं. अनुदान मात्र पॅनल आणि इन्व्हर्टर यांत जे कमी त्यावर मिळतं. २.७ किलोवॅटला ते ७२,६०० रुपये होतं. ७८ हजारांचा हिशेब धरून बसलेल्याला ५,४०० रुपये कमी पडतात, आणि वीजही कमी तयार होते.

वीज किती तयार होते, इथंही सरासरी फसवते. १ किलोवॅटमागे महिन्याला १०० ते १२० युनिट हा आकडा वर्षभराचा आहे. जुलै-ऑगस्टमध्ये ढगांमुळे उत्पादन घसरतं. मे महिन्यात ऊन भरपूर, पण पॅनलची क्षमता २५ अंशांवर मोजलेली असते आणि त्यापुढे पॅनल तापेल तसं दर अंशाला ०.३ ते ०.४ टक्के उत्पादन उतरतं. भोपाळच्या मेमध्ये पॅनल किती तापत असेल, हे गच्चीवर अनवाणी गेलेल्याला सांगायला नको.

बचतीचा आकडा जास्त फसवतो

खर्चापेक्षा मोठी चूक बचतीत होते. बहुतेक कॅल्क्युलेटर तयार झालेली युनिट गुणिले सरासरी दर असं करतात. (सोबत किती सागवानाची झाडं लावल्यासारखं होईल, तेही सांगतात.) मध्य प्रदेशात मात्र ‘अटल गृह ज्योती’ योजना आहे. महिन्याचा वापर १५० युनिटपर्यंत असेल तर पहिल्या १०० युनिटांना फक्त १०० रुपये द्यावे लागतात. बाकीचा भार राज्य उचलतं.

समजा घराचा वापर १२० युनिट आहे आणि दर ढोबळमानाने ७ रुपये धरला. कॅल्क्युलेटर म्हणेल ८४० रुपये वाचले. प्रत्यक्षात त्या घराचं ऊर्जाशुल्क १०० अधिक २० युनिटांचे १४०, म्हणजे २४० रुपयेच होतं. १ किलोवॅटचं सोलर ७० हजारांना पडलं आणि ३० हजार अनुदान मिळालं, तर उरलेले ४० हजार कॅल्क्युलेटरच्या मते चार वर्षांत निघतात. खऱ्या बिलावरून मोजलं तर जवळपास १४ वर्षं. दोघांचं पेन्शनवर चालणारं घर असेल तर हा फरक साधा नाही. अशा घराने घाई करण्याचं कारण दिसत नाही.

उलट, महिन्याला ४०० युनिट जाळणाऱ्या घराची बचत कॅल्क्युलेटर कमी दाखवतो. दर स्लॅबने चढतात, आणि सोलर आधी वरच्या, महागड्या स्लॅबमधली युनिट खातं. तिथं सरासरी दर लावणं चूकच. मात्र बिल शून्य होईल हे कोणी सांगितलं तर मानू नये. स्थिर आकार राहतोच. आणि गरजेपेक्षा मोठं सोलर बसवून वीज विकू, हा बेत फारसा फळत नाही. जादा युनिट पुढच्या महिन्यांत वळती होतात, पण अखेरीस उरलेल्यांचा भाव घरी येणाऱ्या विजेच्या दरापेक्षा बराच कमी असतो.

सीमेवरच्या वाचकांचा आणखी एक घोळ होतो. नागपूर-अमरावतीच्या नातेवाइकाचं कोटेशन व्हॉट्सॲपवर येतं आणि भोपाळात त्याच्याशी तुलना सुरू होते. केंद्राचं अनुदान दोन्हीकडे सारखं, बाकी सगळं वेगळं. तिकडे महावितरणचे स्लॅब आहेत, आणि महाराष्ट्राने २०२५ मध्ये कमी वापराच्या घरांसाठी स्वतःचं जादा अनुदानही आणलं. कर्नाटकात गृहज्योतीत २०० युनिटपर्यंत वीज मोफत मिळणाऱ्या बेळगावच्या घराला सोलरची बचत जवळजवळ शून्य दिसेल. मध्य प्रदेशातही कंपन्या तीन : भोपाळ आणि बैतूल मध्य क्षेत्र कंपनीकडे, बुऱ्हाणपूर-खंडवा पश्चिमकडे, छिंदवाडा-बालाघाट पूर्वकडे. वेंडर त्या भागासाठी नोंदणीकृत आहे का, हे राष्ट्रीय पोर्टलवर पाहता येतं.

कोटेशनमध्ये नसलेल्या गोष्टींवरही नजर टाकावी. कनेक्शन अजून आजोबांच्या नावावर असेल तर नाव बदलण्याचं काम आधी करावं लागतं. देखभाल ५ वर्षं वेंडरकडेच असते, त्याचे वेगळे पैसे लावले असतील तर विचारावं. १० किलोवॅटपर्यंतच्या अर्जाला तांत्रिक तपासणीची अट २०२४ च्या नियमांनी काढली आहे, आणि ५ किलोवॅटपर्यंत लाइन सक्षम करण्याचा खर्च वीज कंपनीचा असतो. ‘ट्रान्सफॉर्मर चार्ज’ म्हणून कोणी रक्कम मागितली तर लेखी मागून घ्यावी. अनुदान सोलर सुरू झाल्यावर ग्राहकाच्या बँक खात्यात येतं, त्यामुळे तोवरची पूर्ण रक्कम किंवा कर्ज तयार लागतं.

वीज गेल्यावर साधं सोलर बंद पडतं, कारण लाइनवर काम करणाऱ्याचा जीव धोक्यात येऊ नये म्हणून इन्व्हर्टर स्वतः थांबतो. ‘लाइट गेली तरी चालेल’ असं कोटेशन असेल तर त्यात बॅटरी आणि हायब्रिड इन्व्हर्टर धरलेला असतो. बॅटरीला जादा अनुदान नाही. म्हणून ते कोटेशन पोर्टलच्या आकड्याशी ताडून पाहण्यात अर्थ नाही.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांचं गणित निराळं आहे. सोसायटीच्या सामायिक विजेसाठी, म्हणजे लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे यांसाठी, किलोवॅटमागे १८ हजार अनुदान मिळतं. त्यासाठी कोटेशन सोसायटीच्या नावाने आणि सामायिक मीटरच्या बिलावरून घ्यावं लागतं. एका फ्लॅटचं बिल टाकून काढलेला अंदाज तिथं कामाचा नाही.