ओळख पटल्यानंतर

जूल्यूस शेफर हा जर्मन माणूस अळंब्या ओळखण्यात निष्णात होता. रुसुला वर्गातल्या, एकीला झाकावं आणि दुसरीला काढावं अशा अळंब्यांवर त्यानं मोठं काम केलं. अळंबीच्या छत्रीवर अ‍ॅनिलिन आणि नायट्रिक आम्लाच्या दोन रेघा एकमेकींना छेदतील अशा ओढायच्या. छेदाच्या जागी नारिंगी-लाल रंग उमटतो की नाही यावरून अगॅरिकस वर्गातल्या काही जाती वेगळ्या काढता येतात. ही चाचणी आजही शेफरच्याच नावानं ओळखली जाते.

हा शेफर ऑक्टोबर १९४४मध्ये अळंबी खाऊन मेला.

ऐकणारा लगेच म्हणेल, ओळखण्यात गफलत झाली असेल. मला ही हकिकत महत्त्वाची वाटते ती अशी गफलत झाली नव्हती म्हणूनच. त्यानं खाल्लेली अळंबी होती पॅक्सिलस इन्व्होल्युटस. युरोपात बर्चच्या झाडांखाली ती सर्रास उगवते. तपकिरी छत्री, तिची कड आत वळलेली. खालचे पडदे दाट, देठावर उतरत आलेले. बोटानं ढकलले तर छत्रीपासून सहज सुटणारे आणि दाबले की तपकिरी पडणारे. बीजाणूंचा ठसाही तपकिरी. बाट्शनं १७८६मध्ये तिचं वर्णन केलं तेव्हा ‘इन्व्होल्युटस’, म्हणजे आत वळलेली, हे विशेषण या कडेवरूनच दिलं. पुढे १८३८मध्ये फ्राईसनं तिला पॅक्सिलस या वर्गात घातलं. नाव, खुणा, वर्गीकरण सगळं चोख होतं.

तिच्या खाद्यतेबद्दलची समजूत मात्र चुकीची होती. कच्ची खाल्ली तर पोट बिघडतं हे ठाऊक होतं. पण मध्य आणि पूर्व युरोपात लोक ती शिजवून आवडीनं खात. शेफरला जेवणानंतर तासाभरात उलट्या, जुलाब आणि ताप सुरू झाला. दुसऱ्या दिवशी इस्पितळात नेलं. मूत्रपिंडं निकामी झाली आणि सतरा दिवसांनी तो गेला.

कारण कळायला १९८०चं दशक उजाडलं. रने फ्लामर या स्विस डॉक्टरनं दाखवून दिलं, की या अळंबीतल्या एका घटकाविरुद्ध काहींच्या शरीरात प्रतिपिंडं तयार होतात. ती पुन्हा पुन्हा खाणाऱ्यावर एके दिवशी त्याचीच प्रतिकारशक्ती उलटते आणि तांबड्या रक्तपेशी फुटू लागतात. तो दिवस अनेक वर्षांनीही येऊ शकतो.

‘आम्ही वर्षानुवर्षं खातोय, काही झालं नाही’ हा रानातल्या खाण्याबाबतचा सर्वांत भक्कम पुरावा मानला जातो. इथे प्रत्येक निर्धास्त जेवण पुढच्या जेवणाचा धोका वाढवू शकत होतं.

मराठीत आपण खायची ती अळंबी आणि टाकायची ती कुत्र्याची छत्री म्हणतो. नावातच निवाडा करून मोकळे होतो. शास्त्रीय नाव असा निवाडा करत नाही. कड, पडदे, ठसा या खुणा समोरची अळंबी कोणती एवढंच सांगतात. ती पोटात गेल्यावर काय करेल, हे शेफरच्या काळी कुठल्याच पुस्तकात लिहिलेलं नव्हतं. आज ते आहे. त्यामागे त्याचे सतरा दिवसही आहेत.