तोळ्याची गोळी

भूमच्या आमच्या सराफी दुकानात आजोबांचा काटा अजून जपून ठेवला आहे. पितळी पारडी, लाकडी डबी, डबीत तोळ्या-माशाची जुनी वजनं आणि कोपऱ्यात मूठभर गुंजा. माझा भाचा पुण्यात परवान्यानं नेमबाजी करतो. एका दिवाळीत त्यानं पुठ्ठ्याच्या पुडीतून गोळीचं नुसतं टोक काढून माझ्यापुढं ठेवलं. दारू नाही, टोपी नाही, तांब्याच्या पातळ कवचातलं शिसं. ".300 विंचेस्टर मॅग्नमची आहे, मामा. 180 ग्रेन. करा बघू वजन."

मी दहा ग्रॅमचं वजन टाकलं. गोळीचं पारडं खालीच राहिलं. मग आजोबांच्या डबीतलं तोळ्याचं वजन ठेवलं आणि काटा मधोमध येऊन थांबला.

काटा चुकला नव्हता. 1833 साली कंपनी सरकारनं तोळा ठरवला तो 180 ग्रेनचा, म्हणजे 11.66 ग्रॅमचा. 1835 पासूनचा चांदीचा कलदार रुपयाही तेवढ्याच वजनाचा. ग्रेन म्हणजे मुळात धान्याचा दाणा. आमची गुंज हीसुद्धा वेलीची बीच. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा, म्हणजे माशाला पंधरा ग्रेन. एवढं ध्यानात आलं आणि भाच्याजवळच्या गोळ्यांच्या तक्त्यातले सगळे आकडे मला आमच्या धंद्याच्या भाषेत वाचता येऊ लागले. 150 ग्रेन म्हणजे दहा मासे, 165 म्हणजे अकरा, 180 म्हणजे पुरता तोळा, 220 म्हणजे चौदा मासे पाच गुंजा.

आजोबांच्या काळी भूम निजामाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात होतं. पेठेत त्याचा हाली रुपया चाले आणि बार्शीच्या बाजारातून कलदार येई, कारण बार्शी इंग्रजी हद्दीत. हाली रुपया कलदारापेक्षा चार गुंजा हलका. म्हणून वजन हाताशी नसलं तर आजोबा कलदार पारड्यात टाकत, हाली कधी नाही. गावाकडचे एक इनामदार त्यांच्याकडं ठासणीच्या बंदुकीच्या गोळ्या तोलायला आणत. शिसं वितळवून घरच्याच साच्यात ओतलेल्या गोळ्या. दहातली एखादी दोन-तीन गुंजा हलकी भरे. आत हवेचा बुडबुडा राहिलेला असे. आजोबा ती बाजूला काढून सांगत, "ही पुन्हा वितळवा. वजनात खोट असली की भोग जनावराला येतो." ही गोष्ट मी वडिलांकडून कितीदा ऐकली असेल.

वजनाचा हा हिशेब आमच्या मुलखाला त्याआधीपासून ठाऊक होता. शेजारच्या परंड्याच्या किल्ल्यावर एके काळी मुलूखमैदान तोफ होती. 1549 मध्ये अहमदनगरला ओतलेली, सुमारे 55 टनांची. 1632 साली ती विजापूरला गेली. हातातल्या बंदुकीचं तर नावच गोळीच्या वजनावरून पडलं. बारा बोअर म्हणजे एक पौंड शिशात ज्या मापाच्या बारा गोळ्या होतात ती नळी. आमच्या हिशेबानं एकेक गोळी तीन तोळे, दोन मासे, सात गुंजांची.

पण गोल गोळीत एक अडचण असते. तिचं वजन वाढवायचं तर नळीही रुंद करावी लागते. मध्य प्रांतात राहिलेल्या जेम्स फोर्सिथ या अधिकाऱ्यानं 1863 साली शिकारी रायफल आणि तिच्या गोळ्यांवर पुस्तकच लिहिलं. त्याचा कौल होता मोठ्या गोल गोळीला, भरपूर दारूला आणि नळीच्या आतल्या सावकाश पिळाला. सातपुड्याच्या रानात जनावर जवळून दिसे, तिथं ते बरोबरच होतं. पुढं लांबट गोळी रुळली आणि नळी तीच ठेवून वजन कमीजास्त करता येऊ लागलं. गोळीच्या वजनाची खरी निवड तिथून सुरू झाली. 1912 साली हॉलंड अँड हॉलंडची .375 मॅग्नम आली तीच तीन वजनांच्या गोळ्या घेऊन: 235, 270 आणि 300 ग्रेन. मधली बरोबर दीड तोळ्याची. हलकी उघड्या मैदानातल्या हरणांसाठी, जड जाड कातड्याच्या मोठ्या जनावरांसाठी. भाच्याची .300 विंचेस्टर मॅग्नम 1963 ची.

लांब पल्ल्याला कोणतं वजन, याचं उत्तर ज्यानं खळ्यावर उफणणी पाहिली आहे त्याला चटकन कळेल. वाऱ्यावर सूप धरलं की दाणा पायाशी पडतो आणि भूस लांब उडून जातं. दहा माशांची गोळी नळीतून सेकंदाला सुमारे 1000 मीटर वेगानं सुटते, तोळ्याची सुमारे 900. जवळच्या पल्ल्यावर हलकी सरळ जाते. पण हवा तिला लवकर दमवते आणि आडवं वारं तिला जास्त ढकलतं. त्याच जाडीची जड गोळी लांब असते, सुरुवातीला मागं राहते, पण वेग टिकवून धरते. मात्र लांब गोळी हवेत स्थिर राहायला नळीचा पीळही घट्ट लागतो, नाहीतर ती डगमगते. आमच्या बालाघाटाच्या माळावर, जिथं आज पवनचक्क्या फिरतात, आडव्या वाऱ्याला हलकी गोळी किती भरकटेल हे सांगायला तक्ता लागत नाही.

मॅग्नम भूमच्या वाट्याला फारशी आलीच नाही. फौजेची .303 सामान्य माणसाला बंद होती. स्वदेशी कारखान्यातली .315 स्पोर्टिंग रायफल मिळे, तिची गोळी 244 ग्रेनची, म्हणजे एक तोळा चार मासे दोन गुंजा. पीक राखणाऱ्यांच्या घरी बहुधा बारा बोअरच असे.

आणि ज्यांच्याजवळ बंदूकच नव्हती ते फासेपारधी हरणाच्या वाटेवर फास लावत. जनावराचा माग, वारा, पाणवठा हे त्यांना ठाऊक असल्याशिवाय फास बसतच नसे. लांबून बार काढणाऱ्याला शिकारी म्हणून मान मिळाला. पारध्यांवर मात्र 1871 साली सुरू झालेल्या गुन्हेगार जमाती कायद्याचा शिक्का पुढं बसला आणि तो 1952 साली उठला. हा अन्याय नोंदवल्याशिवाय शिकारीचा इतिहास लिहू नये, असं मला मनापासून वाटतं.

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं आपल्याकडं शिकारीचा शौक संपवला, आणि ते योग्यच झालं. काळवीट पहिल्या अनुसूचीत आलं. आज जड गोळीचे हे हिशेब शिकारीसाठी होतात ते आफ्रिकेत, अमेरिकेच्या डोंगरांत. तिथल्या माणसाला माझं एकच सांगणं आहे. चारशे मीटरवरून बार काढणाऱ्याला जखमी जनावर कुठं जाऊन पडलं हे कधी कधी कळतही नाही. म्हणून पल्ला जितका लांब, तितकी वजनाची पारख चोख हवी; आणि वाऱ्याचा अंदाज नसेल तर बार काढूच नये. दोन-तीन गुंजा हलकी गोळी बाजूला काढणाऱ्या माझ्या आजोबांनी आयुष्यात एकही बार काढला नव्हता, पण हे त्यांना कळलं होतं.

मेट्रिक मापं आली आणि आमच्या पेठेतला तोळा घटत दहा ग्रॅमवर आला. आता गिऱ्हाईक तोळा म्हणतं आणि आम्ही दहा ग्रॅम तोलून देतो. भाच्यानं गोळी पुन्हा पुडीत बांधली. पुण्याला गेल्यावर ती कागदी चकतीवर सुटेल. मी आजोबांचं वजन डबीत, गुंजांशेजारी ठेवलं. तो पुरता तोळा आता माझ्या डबीत आहे आणि त्याच्या पुडीत.