गिडी, भोवळ आणि आत्याच्या कानातले खडे

 हा भाग ऐकायचा राहिला असेल, किंवा एसटीत हेडफोन विसरून बसला असाल, तर हा त्याचा लेखी अवतार. बोललो ते बहुतेक तसंच ठेवलंय. 'अं', 'म्हणजे' आणि मधला कुकर तेवढा काढलाय.

आधी फोनचा कीबोर्ड उघडा आणि तो चेहरा शोधा. एक डोळा बारीक, एक मोठा, तोंड वेडंवाकडं. 'काल जरा जास्तच झाली' हे सांगायला आपण तो वापरतो. २०१८ साली तो इमोजींच्या यादीत आला, आणि त्याचं रूढ नाव आहे 'वूझी फेस'. वूझी हा गप्पांतला शब्द, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेत बोलण्यात आलेला. डोकं जागेवर नाही, पाय जमिनीवर नाहीत, पोटात कसंतरी होतंय, ते सगळं वूझी.

पण सातारा-सांगलीकडं दवाखान्यात बसलात तर वूझी कुणी म्हणत नाही. तिथं चालतं ते त्याचं जुनं भावंड, गिडी. पेशंट सांगतो, "डोकं गरगराय लागलंय, फिरल्यागत हुतंय." डॉक्टर केसपेपरवर लिहितात 'गिडीनेस'. गंमत अशी की इंग्रजीत आज 'गिडी' म्हटलं तर आनंदानं हुरळलेलं, उडाणटप्पू माणूसही डोळ्यांपुढं येतं. आपल्या देशातल्या केसपेपरांवर मात्र तो शब्द अजून चक्करच सांगतो.

आता आपल्याकडचे शब्द बघू. चक्कर आली ती 'चक्र'पासून. भोवळ ही भोवऱ्याची नातलग, 'भोवणे' म्हणजे गोल फिरणे. एखाद्याला त्याचं कृत्य 'भोवलं' असं आपण म्हणतो, तेही फिरून अंगावर आलं म्हणूनच. घेरीत घेरणं ऐकू येतं. शिवाय झीट आहे, डोळ्यांपुढं येणारी अंधारी आहे, तोल जाणं आहे, डोकं भणभणणं आहे. मोल्सवर्थसाहेबाचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली छापला गेला. त्याची सुधारलेली आवृत्ती १८५७ची, आणि ती आज फोनवरसुद्धा चाळता येते. भोवळ आणि घेरी, दोघी तिथं हजर आहेत.

आणि एक क्रियापद. कराडहून चिपळूणला जाणारी एसटी कुंभार्ली घाटात शिरली की चार वळणांत कुणीतरी खिडकीकडं सरकतं. का? गाडी लागली. तंबाखू लागते, सुपारी लागते, ऊन लागतं. आणि नजर लागते, भूतही लागतं. क्रियापद तेच! गाडी लागलेल्याला आपण आलेपाकाची वडी देतो आणि नजर लागलेल्याची मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढतो. भाषेनं मात्र दोघांना एकाच बाकावर बसवलंय. बाहेरून काहीतरी आलं आणि माणसाला चिकटलं, एवढंच ती म्हणते.

तुम्ही म्हणाल, हे आपलंच मागासलेपण. थांबा जरा.

'गिडी'चं मूळ हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत आहे. तेव्हा तो शब्द 'गिडिग' असा होता आणि त्याचा अर्थ होता वेडा, भारलेला, अंगात आलेला. 'गॉड' या शब्दाशी त्याचं नातं लावतात. म्हणजे 'गिडी' म्हणजे ज्याला देवानं धरलंय तो. 'डिझी'चा जुना अर्थ तर नुसताच मूर्ख. पुढं देव शब्दातून निघून गेला, गरगरणं तेवढं उरलं. डॉक्टरांनी 'गिडीनेस' लिहिलं की नकळत त्यांनी 'अंगात आलंय' असंच लिहिलेलं असतं. (हे डॉक्टरांना सांगू नका. किंवा सांगा, पण फी दिल्यावर.)

इंग्लंडातले मेंढपाळ त्यांच्या एका मेंढीलाही तसंच म्हणायचे. कळपातली एखादी मेंढी अचानक एकाच बाजूला गोल गोल फिरत राहते, मान वाकडी, चरायचं भान नाही. या रोगाचं नाव 'गिड', गिडीवरूनच पडलेलं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात शोध लागला की तिच्या मेंदूत पाण्यानं भरलेला एक फुगा असतो, आणि तो फुगा म्हणजे कुत्र्याच्या आतड्यातल्या पट्टकृमीचं पिल्लू. कुत्र्याच्या विष्ठेतून अंडी गवतावर, गवतातून मेंढीत, आणि मेलेल्या मेंढीचं डोकं कुत्र्याला टाकलं की पुन्हा कुत्र्यात. माण, खटाव, आटपाडी, जतच्या माळावर ज्यांची मेंढरं आहेत त्यांनी हे ऐकून ठेवा. कुत्र्याला वेळेवर जंताचं औषध द्या आणि मेंढीचं डोकं त्याच्यापुढं टाकू नका.

आता माझ्या आत्याकडं येतो. तासगाव तालुक्यातली, साठीची, द्राक्षबागेत राबलेली बाई. एका पहाटे कूस बदलली आणि घर फिरलं. तिनं खाटेची पाटी घट्ट धरली. अर्ध्या मिनिटात थांबलं. पुन्हा वळली, पुन्हा फिरलं. तीन दिवसांत गल्लीचं मत तयार झालं: मांढरदेवीचा नवस राहिलाय. काळूबाईच्या यात्रेत बायकांच्या अंगात येतं, त्याही डोलतात, घुमतात, आणि लोकांना दोन्ही दिसायला एकच. देवऋषी झाला, अंगारा झाला. आत्या घाबरून बसून झोपायला लागली. खरं सांगायचं तर त्या घुमण्याला मी हसत नाही. ज्या बाईचं घरात कुणी ऐकत नाही तिचं निदान तेवढ्या वेळ तरी सगळे हात जोडून ऐकतात. पण आत्याच्या अंगात काही आलं नव्हतं, आणि तिला झोप हवी होती.

या वाटेवर एक माणूस आडवा उभा राहिला होता, तोही याच दोन जिल्ह्यांतला. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचे. कॉलेज सांगलीच्या विलिंग्डनमध्ये, डॉक्टरकी मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, आणि मैदानावर अस्सल कबड्डीपटू. सुमारे बारा वर्षं दवाखाना चालवला, मग तो सोडून समाजकार्यात उतरले. १९८९ साली त्यांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन केली. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला. ज्या कायद्यासाठी ते वर्षानुवर्षं भांडत होते त्याचा वटहुकूम त्यानंतर काही दिवसांत निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. भूत उतरवायच्या नावाखाली माणसाला मारहाण करणं, अंगात अतींद्रिय शक्ती आल्याचं भासवून लोकांना घाबरवणं हे त्यात गुन्हे आहेत.

मिरजेला दवाखान्यांची परंपरा तशी जुनी. विल्यम वॉनलेस या कॅनडातून आलेल्या मिशनरी डॉक्टरानं १८९४ साली तिथं रुग्णालय उघडलं, १८९७ साली वैद्यकीय शिक्षणही सुरू केलं. शंभर-सव्वाशे वर्षं या भागातली माणसं दुखणं घेऊन मिरजेची गाडी पकडत आलीत. 'देव लागला' ऐवजी 'गिडीनेस' लिहिलं जायला लागलं हा मोठाच पल्ला होता, ते कबूल.

पण इथं माझी एक तक्रार आहे. त्या एका शब्दानं आमचे सहा शब्द खाल्ले. आत्याला मग एका दवाखान्यात नेलं. कागदावर 'गिडीनेस', गोळ्या पंधरा दिवसांच्या. मग पुन्हा पंधरा दिवसांच्या. चार महिने असेच गेले. फिरतंय म्हणजे नक्की काय होतंय, हे कुणी विचारलंच नाही.

१९७२ साली ड्राचमन आणि हार्ट या दोन अमेरिकी डॉक्टरांनी चक्करेचे चार प्रकार पाडले: आजूबाजूचं फिरणं, शुद्ध हरपेल असं वाटणं, तोल जाणं, आणि नुसतंच डोकं हलकं होणं. हे वाचलं तेव्हा मी मोठ्यानं हसलो. भोवळ, अंधारी, तोल जाणं, डोकं भणभणणं! आमच्या म्हाताऱ्यांकडं ही वर्गवारी बिनफीची होती. आता डॉक्टर नुसत्या त्या चार खणांवर विसंबत नाहीत. कधी येते, किती वेळ टिकते, कशानं येते हेही विचारतात, आणि ते जास्त कामाचं. पण तिथंही पेशंटला त्याच्या शब्दांत बोलू द्यावंच लागतं.

शेवटी एका कानाच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आत्या, तुम्ही फिरता का घर फिरतं?"

"घर. मी न्हाई."

"कधी?"

"कुशीवर वळलं की. जरा वेळानं आपसूक ऱ्हातंय."

निम्मं निदान तिथंच झालं. आपल्या आतल्या कानात तीन अर्धगोल नळ्या असतात, त्यांत द्रव असतो. डोकं हललं की द्रव हलतो आणि मेंदूला दिशा कळते. व्हिएन्नाचे रॉबर्ट बारानी रुग्णांचे कान पाण्यानं धुवायचे. पाणी गार किंवा जास्त गरम असलं की माणसाला चक्कर यायची आणि डोळे हिसके मारायचे, हे त्यांनी हेरलं. या कामाला १९१४ सालचं नोबेल मिळालं. बातमी आली तेव्हा ते पहिल्या महायुद्धात रशियाच्या कैदेत होते. कानात कॅल्शियमचे बारीक कणही असतात. ते जागा सोडून नळीत घरंगळले की कूस बदलताच घर फिरतं. १९५२ साली डिक्स आणि हॉलपाइक यांनी त्याची तपासणी नीट लिहून ठेवली: मान वळवून रुग्णाला झटकन मागं निजवायचं आणि डोळे बघायचे. पुढं अमेरिकेत एपली यांनी डोकं टप्प्याटप्प्यानं वळवून ते कण परत जागी नेण्याची रीत काढली. ना सुई, ना गोळी.

आत्याला टेबलावर निजवलं, डोकं एकीकडं, मग दुसरीकडं, मग कुशीवर, मग उठवलं. मधे ती एकदा ओरडली. सगळं मिळून दहा मिनिटं. त्या रात्री ती आडवी झोपली.

एक मात्र लक्षात ठेवा. चक्करेबरोबर जीभ जड झाली, तोंड वाकडं झालं, एक हात-पाय लुळा पडला, एकाचे दोन दिसायला लागले, तर ही कानाची गोष्ट नाही. सरळ मोठं हॉस्पिटल गाठा, आणि व्हिडीओ बघून घरी मान वळवत बसू नका.

आत्या आता गल्लीत कुणाला गरगरलं की आधी विचारते, "तू फिरतीस का घर फिरतंय?" आणि स्वतःचं सांगते, "माझ्या कानात खडं झालतं." मांढरदेवीला ओटी भरून आलीच ती. नवस होता, म्हणाली.

तुमच्याकडं चक्करेला आणखी काय काय म्हणतात? आजीला विचारा, तिच्याच आवाजात व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या भागात लावू.