सी. रामचंद्र : राजधानीत आजही घुमणाऱ्या धूनेचे संगीतकार

नवी दिल्ली : राजधानीतील विजय चौकात २९ जानेवारी २०२२ रोजी झालेल्या ‘बीटिंग रिट्रीट’ समारंभात ‘अबाइड विथ मी’ या प्रार्थनागीताऐवजी ‘ऐ मेरे वतन के लोगों’ या गीताची धून वाजविण्यात आली. लष्करी वाद्यवृंदाच्या त्या सादरीकरणात कवी प्रदीप यांचे शब्द नव्हते, लता मंगेशकर यांचा स्वरही नव्हता. होती ती केवळ चाल, आणि ती सी. रामचंद्र यांची होती.

रामचंद्र नरहर चितळकर यांचा जन्म १२ जानेवारी १९१८ रोजी अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यातील पुणतांबा येथे झाला. विनायकबुवा पटवर्धन यांच्याकडे त्यांनी शास्त्रीय संगीताचे धडे घेतले. चित्रपटसृष्टीत ते प्रथम अभिनेता म्हणून आले. मात्र तेथे यश लाभले नाही. सोहराब मोदी यांच्या मिनर्व्हा मूव्हिटोनमध्ये ते हार्मोनियमची साथ करू लागले. तमिळ चित्रपटांना संगीत दिल्यानंतर भगवान यांच्या ‘सुखी जीवन’ने (१९४२) त्यांचा हिंदीतील मार्ग खुला केला.

‘शहनाई’ (१९४७), ‘अलबेला’ (१९५१) आणि ‘आशा’ (१९५७) या चित्रपटांत त्यांनी पाश्चात्त्य ताल व वाद्ये हिंदी गीतांत सहजतेने रुजविली. ‘अलबेला’च्या संगीतात गोव्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट यांचे साहाय्य त्यांना लाभले. ‘अनारकली’ (१९५३) व ‘नवरंग’ (१९५९) या चित्रपटांनी त्यांच्या भारतीय सुरावटींचे सामर्थ्य दाखविले. ‘चितळकर’ या नावाने ते पार्श्वगायनही करीत.

१९६२ च्या चीन युद्धात धारातीर्थी पडलेल्या जवानांच्या स्मरणार्थ रचलेले गीत जानेवारी १९६३ मध्ये नवी दिल्लीत पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्या उपस्थितीत प्रथम सादर झाले. नेहरूंचे डोळे पाणावल्याची आठवण आजही सांगितली जाते. मिस्कील, ठेकेबाज गाण्यांसाठी ख्यात असलेल्या संगीतकाराने देशाच्या शोकाला स्वर दिला. तरी या गीतासंदर्भात गायिका व कवी यांच्या तुलनेत त्यांचे नाव क्वचितच घेतले जाते.

उत्तरकाळात त्यांनी ‘घरकुल’ (१९७०) या मराठी चित्रपटाला संगीत दिले. ‘माझ्या जीवनाची सरगम’ हे त्यांचे आत्मचरित्र. ५ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यानंतर ४० वर्षांनी विजय चौकात त्यांची चाल शब्दांविना वाजली, तेव्हाही ती ओळखण्यासाठी शब्दांची गरज भासली नाही.